हॉटेल कुणाचं आहे ते विचारून जेवायला जा

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या अमेरिका ट्रिपची तयारी चालू आहे. आत्येबहीण आणि तिचे मिस्टर पहिल्यांदाच चाललेत, मुलगा अटलांटाला असतो, तिथून मग वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क. मी दोन वर्षांपूर्वी साधारण हाच रूट केला होता म्हणून ताई म्हणाली, खायचं कुठे ते जरा लिहून टाक ना. मी पाच-सहा नावं टाकली, पास्कल्स, बेन्स चिली बोल, सिल्व्हियाज वगैरे, आणि खाली सहज एक ओळ लिहिली की ही सगळी ब्लॅक लोकांची हॉटेलं आहेत, मुद्दाम तीच निवडलीत. झालं. दहा मिनिटांत काका, "अगं खाण्यात कसलं काळं-गोरं आणतेस, अन्नाला जात नसते", खाली चार नमस्काराचे हात. मग खुद्द भाचा, जो तिथे राहतो, "मावशी, ते एरिये काही बरोबर नाहीत, मी आईबाबांना आपल्या इथल्या डोशाच्या हॉटेलात नेईन". आणि मग अजून एकाने, नाव घेत नाही, असा एक शब्द वापरला जो तिकडचे आपले लोक ब्लॅक माणसाबद्दल सर्रास वापरतात, हसत हसत, आणि तसला शब्द कुणी आपल्याबद्दल वापरला की लगेच रेसिझम रेसिझम म्हणून पोस्टी पडतात.

ग्रुपवर वाद घालायचा नाही असं मी स्वतःला बजावलंय, म्हणून इथे लिहिते.

माझं म्हणणं सरळ आहे. निदान अमेरिकेत फिरताना तरी हॉटेल कुणाचं आहे ते विचारा, आणि ब्लॅक माणसाचं असेल तर वाट वाकडी करून जा. उपकार करायला नाही, गिऱ्हाईक म्हणून जा. ज्याला आपण "अमेरिकन फूड" म्हणतो त्यातलं खरोखर चवदार असं निम्मंअधिक या लोकांच्या चुलीवर तयार झालंय, आणि त्याचा गल्ला मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाकडे गेलाय. (कृष्णवर्णीय हा शब्द मला लिहायला जड जातो, बातमीपत्रातला वाटतो, आणि "काळे" म्हटलं की आपल्या तोंडून ते कसं निघतं ते आपल्यालाच माहितीये. म्हणून ब्लॅक.)

आता काकांचं वाक्य. अन्नाला जात नसते. हे वाक्य आपल्याकडे बोलणारा माणूस कोण असतो बघा, ज्याच्या हातचं खायला कुणी कधी नकार दिला नाही तो. २०१७ साली पुण्यात एका शिकलेल्या, मोठ्या पदावरच्या बाईंनी स्वयंपाकाच्या बाईंवर पोलिसात तक्रार दिली होती, की हिने जात लपवून आमच्या घरी सोवळ्याचा स्वयंपाक केला. २०१७, पेशवाई नाही. पेपरात रोज येत होतं, आठवत असेल. म्हणजे आपण कुणाच्या हातचं खातो हे पिढ्यान् पिढ्या विचारतच आलोय, फक्त टाळण्यासाठी विचारलं. मी म्हणतेय की एकदा जाण्यासाठी विचारून बघा.

आणि गंमत बघा, गंमत कसली म्हणा, अमेरिकेतला प्रकार आपल्या बरोब्बर उलटा होता. आपल्याकडे हातचं चालत नव्हतं. तिकडे हातचंच पाहिजे होतं, शेजारी बसलेलं चालत नव्हतं. अलाबामात बर्मिंगहॅम शहरात ऑलीज बार्बेक्यू नावाचं एक गोऱ्या मालकाचं हॉटेल होतं, त्याची केस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. छत्तीस कामगार, त्यातले दोन तृतीयांश ब्लॅक, म्हणजे मांस भाजणारे, वाढणारे, भांडी घासणारे तेच. पण त्याच माणसांनी गिऱ्हाईक म्हणून यायचं ठरवलं तर आत टेबल नाही, पार्सल घ्या आणि चालायला लागा. १९६४ साली सिव्हिल राइट्स कायदा आला (रंगावरून कुणाला हॉटेलात नाकारायचं नाही असा) तेव्हा मालक म्हणाला, माझं लोकल हॉटेल, दिल्लीश्वरांचा काय संबंध (म्हणजे वॉशिंग्टनवाल्यांचा). कोर्टाने काय केलं, तर मटणाचा हिशेब काढला! वर्षाला साधारण दीड लाख डॉलरचा माल घेतोस, त्यातलं ६९,६८३ डॉलरचं मांस, म्हणजे ४६ टक्के, दुसऱ्या राज्यातून आलेलं, मग हा आंतरराज्य व्यापार झाला आणि तो केंद्राच्या कायद्याखाली येतो. डिसेंबर १९६४, सगळे न्यायाधीश एका बाजूने. माणूस म्हणून बसू द्या एवढं सांगायला कोर्टाला मांसाच्या बिलाचा आधार घ्यावा लागला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन वेळा वाचलं.

हातचं चालतं पण पंगतीला नको, आणि पंगतीला तर नकोच पण हातचंही नको. दोन्हीकडे शेवटी भुकेला कोण राहिलं ते तेच.

त्या काळात ब्लॅक माणूस गाडी घेऊन गावाला निघाला तर कुठे जेवायचं, कुठे झोपायचं, गाडीत पेट्रोल कुठे भरायचं, इतकंच काय, संडासला कुठे जायचं हाही प्रश्न. डबा घरून न्यायचा आणि गाडीतच खायचा. व्हिक्टर ग्रीन नावाचा पोस्टमन, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या ब्लॅक वस्तीत राहणारा, त्याने १९३६ साली एक छोटं गाइड काढलं, ग्रीन बुक, सुरुवातीला न्यूयॉर्कच्या आसपासचं, मग सगळ्या देशाचं. कुठल्या गावात कुठल्या दारात तुम्हाला हाकलून देणार नाहीत त्याची यादी. एस्सोच्या पेट्रोल पंपांवर मिळायचं. आणि त्यात त्याने लिहूनही ठेवलं होतं की लवकरच असा दिवस येईल की हे पुस्तक छापायची गरज उरणार नाही. आपलाच धंदा बंद पडावा अशी इच्छा धरून धंदा करणारा माणूस. तो १९६० साली गेला, कायदा चार वर्षांनी आला, शेवटची आवृत्ती १९६६-६७ची.

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं ना की "ब्लॅक-ओन्ड हॉटेलांच्या याद्या कशाला, हा उलटा वर्णभेद", तेव्हा मला हसू येतं. यादी आधी त्यांनी जिवाच्या भीतीने केली होती. आपण तीच यादी आता चवीसाठी वाचतोय, एवढाच फरक.

पुढचा भाग लोकांना माहीत नसतो, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कायदा आला, सगळ्या हॉटेलांचे दरवाजे उघडले, चांगलंच झालं, पण ब्लॅक हॉटेलांचं गिऱ्हाईक त्या दरवाज्यांतून निघून गेलं. इकडचा माणूस तिकडे जायला लागला आणि तिकडचा इकडे काही आला नाही. एकाच बाजूने रस्ता उघडला म्हणा ना. त्यात भर म्हणून साधारण त्याच वर्षांत सरकारने हायवे टाकले, आणि ते नेमके कुठून टाकले, तर ब्लॅक वस्तीच्या मधून. अटलांटात ऑबर्न अॅव्हेन्यू ही ब्लॅक लोकांची एकदम भरभराटीची बाजारपेठ, मार्टिन ल्युथर किंगचं जन्मघर त्याच रस्त्यावर, आणि तिच्या डोक्यावरून हायवे. न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेबोर्न अॅव्हेन्यूवर मोठमोठ्या ओक झाडांची रांग होती, दुकानं होती, कार्निव्हलला लोक त्या झाडांखाली डबे घेऊन बसायचे, १९६०च्या दशकात झाडं तोडली आणि वरून इंटरस्टेट टेन काढला. आज त्या खांबांवर कुणीतरी झाडांची चित्रं रंगवून ठेवलीत. "एरिया बरोबर नाही" असं माझा भाचा म्हणतो ना, तो एरिया बरोबर का नाही याचं निम्मं उत्तर त्याच्याच गाडीच्या चाकाखाली असतं, तो वरून सत्तर मैलांच्या स्पीडने जातो म्हणून दिसत नाही.

त्या क्लेबोर्नपासून हाकेच्या अंतरावर डूकी चेझ हे हॉटेल आहे. १९४१चं. लीआ चेझ १९४६ साली त्या घरात सून म्हणून आली आणि सँडविचच्या दुकानाचं तिने पांढऱ्या टेबलक्लॉथचं हॉटेल करून टाकलं, कारण गोऱ्यांच्या हॉटेलात जसं बसतात तसं आपल्या लोकांनीही का बसू नये. तेव्हा काळ्या-गोऱ्यांनी एकत्र जेवायला बसणं तिथे कायद्याने गुन्हा होता, आणि वरच्या खोलीत समान हक्कांच्या चळवळीतले लोक, दोन्ही रंगांचे, गम्बो (तिकडचा दाट रस्सा) खात खात पुढचे प्लॅन करत बसायचे. पोलीस आत यायचे नाहीत, गावच अंगावर आलं असतं. ओबामा २००८ साली तिथे गेला आणि चव घ्यायच्या आधीच गम्बोत हॉट सॉस ओतायला लागला, तर म्हातारीने झापला त्याला. माझी आजी अशीच होती, आमटीत वरून मीठ घेतलं की ताट ओढून घ्यायची. २००५च्या कॅटरिना वादळात हॉटेल पाण्याखाली गेलं, तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या, दोन वर्षांनी परत उघडलं. २०१९ साली गेल्या, ९६ वर्षांच्या होऊन, अगदी शेवटपर्यंत किचनमध्ये.

तिथे वर्षातून एकदा, गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी, हिरवा गम्बो असतो. नऊ पालेभाज्या, आकडा विषमच पाहिजे, नाहीतर अपशकुन. मला एकदम ऋषीपंचमीची भाजीच आठवली. अर्थात यात सॉसेज आणि हॅम असतं, त्यामुळे आपल्या ऋषींना चालणार नाही. आणि गम्बो हा शब्द मुळात आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधला, अर्थ काय, तर भेंडी. गुलाम म्हणून बोटीत कोंबून नेलेल्या माणसांनी अंगावरचं वस्त्रसुद्धा नेलं नसेल पण भेंडीचं नाव नेलं.

आपला यात काही संबंध नाही असं कुणाला वाटत असेल तर त्याने आज रात्रीची भाकरी हातात घेऊन विचार करावा. ज्वारी आफ्रिकेची. बाजरी आफ्रिकेची. नाचणीसुद्धा. चवळीसुद्धा. हजारो वर्षांपूर्वी समुद्रावरून आलेली पिकं, आणि आज आपण त्यांना "आपलं गावरान" म्हणतो. तीच चवळी अमेरिकेत दक्षिणेत ब्लॅक-आइड पीज म्हणून नवीन वर्षाच्या दिवशी घरोघर शिजते, शुभ म्हणून.

आता माझं स्वतःचं सांगते. अटलांटाहून आम्ही माँटगोमेरीला निघालो होतो, मी, आई आणि मिस्टर, अडीच तासांचा रस्ता. वाटेत एका छोट्या गावात थांबलो, हॉटेल म्हणजे काय, पाच टेबलं, भिंतीवर कुणाकुणाच्या ग्रॅज्युएशनचे फोटो, रविवार होता त्यामुळे चर्चमधून आलेली माणसं, बायकांच्या डोक्यावर हॅट अशा की लग्नाला आल्यासारख्या. तिथे पद्धत अशी, एक मटण-चिकन काहीतरी घ्यायचं आणि तीन साईड निवडायच्या, मीट अँड थ्री म्हणतात. आई मटण खाते पण तो दिवस संकष्टीचा निघाला. काउंटरवरच्या बाई पन्नाशीच्या, त्यांना मी विचारलं यात मांस नसलेलं काय आहे, तर त्यांनी डाव हातात धरूनच एकेक दाखवलं, हिरव्या भाजीत टर्कीचा स्मोक केलेला तुकडा आहे, बीन्समध्येही आहे, हे मकईचं ब्रेड चालेल पण अंडं आहे, मग थांबल्या आणि म्हणाल्या, "हनी, तुझी आई खाणार काय मग?" आणि आत जाऊन माझ्या आईसाठी रताळी आणि बिनमांसाची थोडी चवळी काढून आणली, ती त्यांनी स्वतःच्या घरच्या कुणासाठी तरी वेगळी ठेवली होती. आईने चमचा तोंडात घातला आणि मला मराठीत म्हणाली, फोडणी नाही गं, पण चवळी आपलीच आहे. संकष्टीला चवळी चालते का हा प्रश्न तिने त्या दिवशी कुणाला विचारला नाही, मी पण नाही.

माझ्या ताटातल्या हिरव्या भाजीचं पाणी खाली साचलं होतं, खारट, धुरकट, थोडं आंबट. त्याला तिकडे पॉटलिकर म्हणतात. मकईच्या ब्रेडचा तुकडा त्यात बुडवून खायचा, आपण मिसळीच्या कटात पाव बुडवतो तसा. मालकाच्या घरात भाजी जायची आणि ते पाणी गुलामांना राहायचं असं सांगतात, आणि खरं सत्त्व तर पाण्यातच उतरलेलं असतं.

माँटगोमेरीत जॉर्जिया गिल्मोर नावाची बाई होती. १९५५-५६ साली तिथे बस बॉयकॉट झाला, म्हणजे बसमध्ये ब्लॅक लोकांना वेगळं बसवतात म्हणून त्यांनी बसच सोडली, ३८१ दिवस लोक चालत कामाला गेले किंवा गाड्या वाटून घेऊन गेले, त्या गाड्यांच्या पेट्रोलला पैसे कोण देणार? या बाईने बाकीच्या बायका जमवल्या आणि चिकन सँडविच, केक, पाय असं घरी करून विकायला सुरुवात केली, गोऱ्यांनासुद्धा विकलं, आणि पैसा चळवळीत. ग्रुपचं नाव ठेवलं क्लब फ्रॉम नोव्हेअर, म्हणजे पैसे कुठून आले विचारलं तर खरंच सांगता यावं की कुठूनच नाही. कोर्टात साक्ष दिली म्हणून हॉटेलातली नोकरी गेली, तर घरीच खानावळ काढली आणि किंग तिथे जेवायला यायचा. आपल्याकडच्या खानावळ चालवणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको की किती चळवळी कुणाच्या पोळ्यांवर चालल्या.

अटलांटाचं पास्कल्सही तसंच. रॉबर्ट आणि जेम्स पास्कल, दोघे भाऊ, १९४७ साली सुरुवात केली तेव्हा दुकानात शेगडी नव्हती आणि दारात गाडी नव्हती, स्वयंपाक घरी करायचा आणि टॅक्सीत घालून दुकानात न्यायचा. पुढे चळवळीच्या काळात आंदोलनात पकडलेली पोरं जेलमधून सुटून यायची तेव्हा हॉटेल रात्री उशिरापर्यंत उघडं, आईबाप तिथेच वाट बघत बसलेले, जेवण फुकट. आता हॉटेल दुसऱ्या जागी आहे, २००२पासून, मोठं आणि चकचकीत आहे, तिथे जाऊन कुणाला भीती वाटायचं कारण नाही, भाच्याच्या डोशाच्या हॉटेलपेक्षा पार्किंग बरं आहे.

आता श्रेय कुणाचं हा मुद्दा. नॅशव्हिलचं हॉट चिकन आता मुंबईतल्या मेनूवरसुद्धा दिसतं. हे चिकन थॉर्नटन प्रिन्स नावाच्या ब्लॅक माणसाच्या घरातलं. गोष्ट अशी सांगतात की हा रात्री-बेरात्री बाहेर असायचा, म्हणून चिडून त्याच्या बाईने सूड म्हणून नाश्त्याच्या चिकनवर बचकभर मिरची ओतली, आणि ह्याला ते आवडलं! पुढे त्याने हॉटेल काढलं, तेच आताचं प्रिन्सेस हॉट चिकन, आजही घरच्यांकडेच आहे. कित्येक वर्षं ते ब्लॅक वस्तीतलंच खाणं होतं, मग बाकीच्यांना शोध लागला, आणि २०१६ साली केएफसीने अख्ख्या अमेरिकेत नॅशव्हिल हॉट चिकन काढलं. पदार्थाला पेटंट नसतं, मला मान्य आहे, कुणीही करावं. पण मालवणी, सावजी, आगरी अशा पाट्या वाचून आपण कौतुकाने आत जातो, मूळ कुणाचं ते आपल्याला पाहिजे असतं, मग तिथेच "मूळ कुणाचं" विचारलं की राजकारण कसं होतं? आणि एक कडू गोष्ट आपल्याकडचीही, सावजी आणि मालवणीची पाटी आहे, महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या चुलीची पाटी कुठे आहे? वजडी आवडीने खाणारे खूप आहेत. तिचं नाव बोर्डावर लिहिणारे फार नाहीत. अमेरिकेत तशीच वजडी, डुकराच्या आतड्यांची, चिटलिन्स म्हणून मेनूवर लिहिलेली असते, तिचे चाहते लाइन लावतात. काकांनी यावर नमस्काराचे हात टाकून दाखवावेत.

एक मात्र कबूल करते की या याद्यांमध्ये चीड आणणारं बरंच असतं. २०२० साली जॉर्ज फ्लॉइड या ब्लॅक माणसाचा पोलिसाने खून केल्यानंतर एकदम सगळ्यांना जाग आली, येल्पने (हॉटेलांचे रिव्ह्यू देणारं अॅप) जूनमध्ये आणि गुगलने जुलैमध्ये ब्लॅक-ओन्डचं लेबल आणलं, मासिकांनी याद्या काढल्या, लोक पुण्य कमवायला गेल्यासारखे गेले, फोटो काढले, आणि मग पुढचा विषय आला. अशाने हॉटेल चालत नाही. हॉटेल चालतं ते मंगळवारी दुपारी येणाऱ्या गिऱ्हाइकावर. शिवाय दयेपोटी गेलं की माणूस वाईट जेवणाला चांगलं म्हणतो, आणि तो त्या आचाऱ्याचा अपमान आहे. मला एके ठिकाणी मॅक अँड चीज कोरडं ठणठणीत मिळालं, मी तिथे परत जाणार नाही, तेवढा हक्क गिऱ्हाइकाला असतोच.

आणि उलट, "सोल फूड"च, म्हणजे ब्लॅक लोकांचं पारंपरिक घरगुती जेवणच, पाहिजे असा हट्टही नको. सव्हाना शहरात द ग्रे नावाचं हॉटेल आहे, १९३८चा ग्रेहाउंड बसचा जुना स्टँड, जिथे काळ्यांची बसायची जागा वेगळी होती, तिथे आता मशामा बेली ही ब्लॅक शेफ हॉटेल चालवते, २०२२ साली तिला देशातल्या उत्कृष्ट शेफचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला, हॉटेलवाल्यांचा तिकडचा मोठा मान. महाग आहे, आधीच सांगते. दुसऱ्या टोकाला आर्कान्सामध्ये मारियाना नावाच्या गावात जोन्स बार्बेक्यू, शंभरेक वर्षांचं, डुकराचं मांस आणि साधा पांढरा ब्रेड, मेनू संपला. सकाळी उघडणार, माल संपला की शटर खाली, आपल्या मिसळवाल्यासारखं. त्यालाही २०१२ साली त्याच संस्थेचा पुरस्कार.

शाकाहारी मंडळी आतापर्यंत वैतागली असतील. तुमच्यासाठी वॉशिंग्टन. तिथे यू स्ट्रीटच्या आसपास इथिओपियन हॉटेलं आहेत, आणि इथिओपियन ऑर्थोडॉक्स लोकांचे उपास आपल्यापेक्षा कडक, बुधवार-शुक्रवार दूध-तूपसुद्धा नाही, त्यामुळे उपासाची थाळी मागा. टेफ नावाच्या धान्याची आंबवलेली मोठी जाळीदार घावन म्हणजे इंजेरा, तिच्यावरच सगळं वाढतात, मसुराची तिखट आमटी, कोबी-बटाटा, आणि शिरो. शिरो म्हणजे शपथेवर सांगते पिठलं. गोडाचा शिरा समजून आमच्या ह्यांनी मोठा घास घेतला होता.

त्याच यू स्ट्रीटवर बेन्स चिली बोल, २२ ऑगस्ट १९५८ला उघडलेलं. हाफ-स्मोक नावाचं जाड सॉसेज, पाव, मोहरी, कांदा आणि वर चिली (खिम्याचा तिखट रस्सा), व्हेज चिलीही मिळते. किंगच्या खुनानंतर १९६८ साली शहर जळत होतं, कर्फ्यू होता, तेव्हा याला उघडं ठेवायची परवानगी होती आणि मोर्चेवाले नि पोलीस दोघेही इथेच जेवत होते. नंतर मेट्रोसाठी समोरचा रस्ता वर्षानुवर्षं खणून ठेवला, आजूबाजूची दुकानं बसली, हे टिकलं. (पुणेकरांनी नोंद घ्यावी.) आणि हा बेन कोण? बेन अली, त्रिनिदादमध्ये जन्मलेला, भारतीय वंशाचा मुसलमान. बायको व्हर्जिनिया ब्लॅक, दोघांनी मिळून काढलेलं हॉटेल. ग्रुपवर हे सांगितल्यावर एक जण लगेच म्हणाला, "म्हणजे आपलंच की!" अरे, आत्ता तर अन्नाला जात नव्हती.

न्यूयॉर्कला आपले बरेच लोक कोलंबिया युनिव्हर्सिटी बघायला जातात, १९१३ ते १९१६ बाबासाहेब तिथे शिकले, लायब्ररीत त्यांचा अर्धपुतळा आहे, फोटो काढतात आणि टॅक्सीत बसून टाइम्स स्क्वेअर. अहो, त्या टेकडीवरून खाली उतरलं की हार्लेमच आहे. १९४६ साली याच बाबासाहेबांनी डू बॉइस या ब्लॅक विचारवंताला पत्र लिहिलं होतं, की तुमच्या लोकांनी युनोकडे जो अर्ज केलाय त्याच्या प्रती मिळतील का, अस्पृश्यांची स्थिती आणि तुमची स्थिती यांत खूप साम्य आहे. त्याच्याही आधी १८७३ साली जोतीरावांनी "गुलामगिरी" अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी मोडायला झटलेल्या लोकांना, ते कधी तिकडे गेले नव्हते तरी. आपण तिकडे जातो, पंधरा-सोळा तासांचं विमान करून, आणि अर्ध्या तासाचं अंतर चालत नाही. लेनॉक्स अॅव्हेन्यूवर सिल्व्हियाज आहे, १९६२चं. सिल्व्हिया वूड्स त्याच जागेत वेट्रेस होती, मालक विकायला निघाला तेव्हा तिच्या आईने गावाकडची शेती गहाण टाकून पैसे दिले आणि लेकीने हॉटेल घेतलं. शेती गहाण टाकून पोरांना उभं करणं म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजवावं लागणार नाही.

सुरक्षिततेचं म्हणाल तर कुठल्याही मोठ्या शहरात जे करता तेच करा. दिवसा जा, बॅग गाडीत सीटवर ठेवू नका, रात्री अकराला अनोळखी गल्लीत फिरू नका. दादरलाही हेच सांगतो आपण.

राहिली टिप. हे लिहायलाच पाहिजे कारण आपले लोक यात फार नाव काढतात. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या वेटरला मालकाने द्यायचा केंद्राच्या कायद्यातला किमान रोख पगार तासाला २.१३ डॉलर आहे, १९९१पासून तेवढाच, जॉर्जियातही तोच. टिपची ही पद्धत तिकडे रुजली तीच मुळात गुलामी संपल्यावर, रेल्वेत आणि हॉटेलात ब्लॅक माणसांना कामाला ठेवायचं आणि पगाराऐवजी गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडायचं, यातून. त्यामुळे पास्कल्सला जाऊन इतिहासाचे फोटो काढायचे आणि बिलावर दोन डॉलर ठेवून उठायचं, असं करायचं असेल तर खरंच डोशाच्या हॉटेललाच जा. वीस टक्के ठेवा.

काल रात्री ताईचा फोन आला, ग्रुपवर नाही, वेगळा. म्हणाली, मुलाला सांगितलंय की एक दिवस तरी मावशीच्या यादीतलं. मग हळूच विचारलं, "त्या चवळीवाल्या बाईंच्या हॉटेलचा पत्ता आहे का गं?" माझ्याकडे बिलाची पावती कुठेतरी असेल. आईच्या पर्समध्ये शोधायला हवी.